गायकवाडमधला काना

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये 'बिल्ट-इन टाइप्स' नावाचं एक लांबलचक पान आहे. संख्या, खरं-खोटं, लिस्ट, टपल, स्ट्रिंग, बाइट्स, सेट, डिक्शनरी असे भाषेसोबत आयते मिळणारे प्रकार तिथे एकाखाली एक मांडलेले आहेत. कुठल्या प्रकारावर काय काय करता येतं, केल्यावर काय उत्तर मिळतं, कुठे एरर येते, हे सगळं त्या पानाने सांगायचं. ते वरपासून खालपर्यंत सलग वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. सगळे मध्येच उतरतात. शोधलं, लिंकवर टिचकी मारली, पानाच्या मध्यावर कुठेतरी पोचलो, दोन ओळी वाचल्या, की परत आपल्या कामाला.

म्हणूनच त्या दोन ओळींवर फार भार असतो. शिकवणीचं पुस्तक लिहिणाऱ्याला सवड असते. आधी सोपं करून सांगावं आणि पुढच्या प्रकरणात 'मघाशी जरा अपुरं सांगितलं होतं' म्हणावं, हे त्याला चालतं. संदर्भाच्या पानाला ती सोय नाही. मागचंपुढचं काही न वाचता आलेला माणूस त्या एका वाक्यावर विसंबून प्रोग्राम लिहितो, तो प्रोग्राम कुठल्या दवाखान्यात, कुठल्या शाळेच्या ऑफिसात चालू लागतो, आणि ज्याने पायथन हे नावही ऐकलेलं नाही अशा माणसाच्या दारापर्यंत त्या वाक्याचा परिणाम जाऊन पोचतो.

मी बडोद्यात राहते. घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते आणि जमेल तसं या पानातल्या वाक्यांना दुरुस्त्या सुचवते. बहुतेक दुरुस्त्या बारीक असतात. कुठे उदाहरणातलं उत्तर जुन्या आवृत्तीतलं राहिलेलं असतं, कुठे आतली लिंक भलत्याच जागी नेते, कुठे एखादं विशेषण उगाच मोठं बोलून जातं. दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, मागच्या खोलीत जरा शांतता असते, तिथे बसून एकेक वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला मला मनापासून आवडतं. या कामाला कुणी मोठं म्हणत नाही. मला ते मोठं वाटतं.

या पानावर धडधडीत खोटं वाक्य सापडणं तसं दुर्मीळच. इतक्या लोकांच्या नजरेखालून ते गेलेलं आहे. सापडतात ती अशी वाक्यं, जी लिहिणाऱ्याच्या मनात पूर्ण असतात आणि वाचणाऱ्याच्या मनात वेगळीच उमटतात. भागाकाराचं घ्या. दोन तिरप्या रेघांचा भागाकार शेषाचा भाग टाकून देतो, सातला दोनने भागलं की तीन. उणे सातला दोनने भागलं तर मात्र उणे चार, कारण उत्तर नेहमी उणे अनंताच्या बाजूला सरकवलं जातं. हे पानावर लिहिलेलं आहे. पण उत्तर 'पूर्णांक' येतं असं नुसतं म्हटलं, तर वाचणारा समजतो की उत्तराचा प्रकारही इंट, म्हणजे पूर्णांकांसाठीचा प्रकार, असणार. तसं नाही. दोन्हीपैकी एक संख्या फ्लोट, म्हणजे दशांश चिन्हाची, असेल तर उत्तरही फ्लोटच येतं, तीन पॉइंट शून्य. किंमत पूर्ण, प्रकार अपूर्णांकाचा. आता पानावरच्या गणिती क्रियांच्या कोष्टकाखालच्या टिपेत हे दोन्ही वेगवेगळं सांगितलेलं आहे. इंटला इंट, फ्लोटला फ्लोट. एवढीशी टीप, पण ती नसेल तर कुणाचा तरी हिशेब दुसऱ्या गावी अडतो.

स्ट्रिपची गोष्ट तर मराठी आडनावांनी फार छान समजते. स्ट्रिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या माळेच्या, कडेची अक्षरं सोलून काढायला ही मेथड, म्हणजे त्या प्रकारासोबत आयती मिळणारी क्रिया, आहे. हवी ती अक्षरं कंसात द्यायची. आता 'नगरकर' या स्ट्रिंगला उजवीकडून 'कर' काढायला सांगितलं, तर कुणालाही वाटेल की 'नगर' उरेल. उरतं 'नग'. कारण कंसातलं 'कर' हा तुकडा म्हणून घेतला जात नाही, 'क' आणि 'र' या दोन सुट्या अक्षरांची ती यादी आहे, आणि काठावर यांपैकी कुणीही दिसेल तोवर सोलणं चालू राहतं. 'करमरकर'ला दोन्ही बाजूंनी लावलं तर एकटा 'म' उरतो. पानावर लिहिलेलंच आहे की कंसातला भाग हा शेपूट किंवा शेंडी म्हणून धरला जात नाही. तरी लोक वर्षानुवर्षं अडकत राहिले. अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ३.९ आवृत्तीत रिमूव्हप्रिफिक्स आणि रिमूव्हसफिक्स अशा दोन स्वतंत्र मेथड आल्या आणि एकाच बाजूने सोलणाऱ्या एलस्ट्रिप आणि आरस्ट्रिप यांच्याखालच्या मजकुरातून त्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. कधी कधी वाक्य कितीही सुधारलं तरी पुरत नाही, भाषेलाच हात लावावा लागतो. हे कळणं हाही या कामाचाच भाग आहे.

उलट दिशेचंही उदाहरण आहे, आणि मला ते सगळ्यांत जास्त भावतं. डिक्शनरी म्हणजे नावापुढे किंमत अशा नोंदींचा साठा. तिच्यात टाकलेल्या नोंदी कुठल्या क्रमाने बाहेर येतील? जुन्या आवृत्त्यांत याचं उत्तर 'भरवसा नाही' असं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये ३.६ आली, तिच्यात डिक्शनरीची आतली रचना बदलली. कल्पना पायथन घडवणाऱ्यांपैकी एक, रेमंड हेटिंगर यांची, ती आधी पायपाय या पायथनच्या दुसऱ्या अवतारात वापरली गेली, मग इनाडा नाओकी यांनी ती सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या मूळ, सर्रास वापरल्या जाणाऱ्या अवतारात, आणली. हेतू मेमरी वाचवण्याचा होता. त्याच्या ओघात नोंदी टाकल्या त्याच क्रमाने बाहेर येऊ लागल्या. डॉक्युमेंटेशन तेव्हा सावध राहिलं. हा अंमलबजावणीतला तपशील आहे, यावर विसंबू नका, असं त्यात लिहिलं गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये पायथनचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी निर्णय दिला की क्रम टिकणं हा यापुढे भाषेचाच नियम. जून २०१८ मध्ये ३.७ आली आणि पानावर तसं छापलं गेलं. साधा प्रोग्राम दोन्ही आवृत्त्यांत चालवून पाहिला तर डिक्शनरीचा क्रम सारखाच दिसतो. बदललं ते पानावरचं वाक्य. पण त्या वाक्यानंतर क्रमावर विसंबून लिहिणं हा हक्क झाला, आणि पायथन नव्याने बांधणाऱ्या प्रत्येकावर तो क्रम पाळायचं बंधन आलं. जे घडतं ते आणि ज्याचं वचन दिलेलं आहे ते, या दोहोंमधली रेघ हे पान ओढतं. दुरुस्ती करणाऱ्याने ती रेघ चुकूनही सरकवायची नाही. कोड चालवून पाहिला, असं उत्तर आलं, म्हणून तसं लिहून टाकलं, हा सगळ्यांत मोठा मोह. 'आत्ता असं दिसतं' एवढ्यावर वाक्य लिहिलं की आपण दुसऱ्याच्या नावाने वचन देऊन बसतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिथे येते.

गेल्या वर्षी शहरातल्या एका जुन्या संस्थेने सभासदांची यादी कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. नावं मराठीतच हवीत असा आग्रह होता आणि तो मला योग्यच वाटला. कुणाकडून तरी फॉर्म करून घेतला आणि नोंदी करायचं काम माझ्या मामाकडे आलं. मामा रिटायर्ड, टायपिंग सफाईदार, शिवाय कामात चोख. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन.

"अगं, याला गायकवाड चालत नाही."

"चालत नाही म्हणजे?"

"लाल अक्षरांत येतंय, नावात फक्त अक्षरं लिहा. अक्षरंच तर लिहिलीत! करमरकर घेतलं, नगरकर घेतलं. पवार घेत नाही, जोशी घेत नाही, शिंदे घेत नाही. काल संध्याकाळपासून हेच चाललंय. तू येऊन बघ बाई."

मी गेले. मामाने एका कागदाच्या पाठीमागे उभी रेघ मारून दोन याद्या केल्या होत्या, घेतलेली नावं डावीकडे, नाकारलेली उजवीकडे. माझ्या मते तपासणीचं याहून चांगलं काम कुठल्या टेस्टिंगवाल्यानेही केलं नसतं. डावीकडे शरद, कमल, मदन, भरत, करमरकर, नगरकर, गडकर. उजवीकडे बाकी जवळजवळ सगळं बडोदं. डाव्या यादीवरून वरून खाली नजर फिरवली आणि लक्षात आलं की त्या नावांमध्ये कुठेही काना नाही, वेलांटी नाही, उकार नाही, मात्रा नाही, अनुस्वार नाही, जोडाक्षर नाही. नुसती उघडी अक्षरं. शेजारच्या गुजराती काकांचं नाव गुजराती लिपीत घालून पाहिलं, तेही अडलं, त्यातही काना होताच.

फॉर्मच्या मागे इजअल्फा नावाची मेथड होती. स्ट्रिंगमधलं प्रत्येक चिन्ह 'अल्फाबेटिक' असेल आणि निदान एक तरी चिन्ह असेल, तर ती 'खरं' म्हणते. नावात आकडे आणि भलतीसलती चिन्हं येऊ नयेत म्हणून लिहिणाऱ्याने ती वापरली. इंग्रजी नावं घालून तपासलं असेल, सगळं नीट चाललं असेल. त्याला बेफिकीर म्हणायला मी तयार नाही. त्याने पानावरचं पहिलं वाक्य वाचलं आणि ते वाचून कुणीही जे समजेल तेच तो समजला.

दुसरं वाक्य वाचलं असतं तर? तिथे सांगितलंय की अल्फाबेटिक म्हणजे युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, यादीत ज्यांचा वर्ग 'लेटर' आहे ती चिन्हं. पाच उपवर्ग त्यांच्या दोन-दोन अक्षरी खुणांसह दिलेले आहेत. पुढे अशीही सूचना आहे की युनिकोड मानकात 'अल्फाबेटिक' नावाचा जो गुणधर्म आहे तो वेगळा, हा तो नव्हे. सगळं खरं आहे. एक शब्दही चुकीचा नाही. पण ज्याला आपल्या काना-मात्रांचा युनिकोडमधला वर्ग ठाऊक नाही, त्याला या वाक्यातून 'गायकवाड' अडेल हे कसं कळावं?

युनिकोडमध्ये 'ग', 'य', 'क', 'व', 'ड' ही पाचही अक्षरं लेटर आहेत. 'ग'ला आणि 'व'ला लागलेला काना हे स्वतंत्र चिन्ह आहे आणि त्याचा वर्ग 'मार्क'. वेलांट्याही मार्क, उकार मार्क, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त सगळे मार्क. काही जागा व्यापणारे, काही न व्यापणारे, एवढाच त्यांच्यात भेद. म्हणजे 'घर' या मेथडच्या मते अल्फाबेटिक आहे आणि 'दार' नाही. 'मराठी' नाही. 'बडोदं' नाही. आणि त्याच भाषेत 'गायकवाड' हे व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनदिक्कत चालतं, कारण नावं कशी असावीत याचा नियम वेगळा लिहिलेला आहे आणि पहिल्या अक्षरानंतर मार्क आलेले त्याला मान्य आहेत. एकाच घरात दोन नियम, दोन्ही आपापल्या जागी नीट लिहिलेले, आणि मधल्या फटीत माझ्या मामाची यादी.

त्याच पानावर थोडं खाली टायटल नावाची मेथड आहे, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करणारी. इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी आली की ती फसते, चिन्हापुढचं अक्षरही कॅपिटल करून बसते. यासाठी पानावर आख्खं स्पष्टीकरण आहे. शब्दाची व्याख्या साधी ठेवली आहे, ती पुष्कळ ठिकाणी चालते, पण अपॉस्ट्रॉफीपाशी मोडते, हे पाहा उदाहरण, हा पाहा उपाय. उपायाचा तयार कोडही दिलेला आहे. वाचताना समाधान वाटतं, कारण लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याची अडचण आधीच दिसलेली आहे. केसफोल्डखाली जर्मन भाषेतल्या एका अक्षराची अशीच प्रेमाने दखल घेतलेली आहे. ही जिव्हाळ्याची वागणूक कुठून येते? लिहिणाऱ्यांना, तपासणाऱ्यांना ती अडचण रोज भेटत होती. काना कुणाला भेटला नव्हता. कुणी मुद्दाम वगळला असं मी म्हणत नाही. त्या खोलीत तो कधी आलाच नाही, म्हणून त्याची खुर्ची मांडली गेली नाही. आणि तो तिथे न्यायचं काम दुसरं कोण करणार? ज्यांच्या नावांत तो आहे त्यांनीच.

आता नेमकं दुरुस्त काय करायचं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मेथडचं वागणं बदला, असं म्हणता येत नाही. जगभरच्या प्रोग्राम्सनी ते गृहीत धरलेलं आहे, तेही एक वचनच. मग युनिकोडचा तो दुसरा, अल्फाबेटिक नावाचा गुणधर्म वापरा असं सुचवावं का? त्यात काना-मात्रा बसतात, अनुस्वार बसतो. मला आधी हा मार्ग छान वाटला होता. पण यादी उघडून पाहिली तर हलन्त त्यातही नाही. म्हणजे 'पवार' सुटला, 'गायकवाड' सुटला, आणि जोडाक्षर असलेला प्रत्येक जण, देशमुखांच्या शेजारचा कुलकर्णी, पुन्हा दारातच. ज्या उपायाने अर्धं गाव आत येतं तो उपाय म्हणून पानावर लिहिणं मला पटलं नाही. मामाच्या फॉर्मसाठी आम्ही साधा मार्ग काढला. पहिलं चिन्ह लेटर असावं, पुढची लेटर किंवा मार्क असावीत, आणि काही जोडाक्षरं वेगळी दाखवायला वापरली जाणारी ती अदृश्य जोडखूण चालू द्यावी. त्या दुपारी 'गायकवाड' गेलं, 'कुलकर्णी' गेलं, गुजराती काकाही गेले. मामाने उजवीकडच्या यादीतली नावं एकेक करून घातली आणि प्रत्येकावर बरोबरची खूण केली. मामीने केलेला पोह्यांचा चिवडा तोवर तसाच राहिला.

पण फॉर्म दुरुस्त होणं वेगळं आणि पान दुरुस्त होणं वेगळं. उद्या असाच फॉर्म कुणी भोपाळला करेल, कुणी मदुराईला करेल. तमिळला, बंगालीला, कन्नडला हेच लागू आहे.

याच पानावर आपल्या लिप्यांना सुखद धक्का देणाऱ्या जागाही आहेत. इंटला स्ट्रिंग दिली की तो तिची संख्या करतो, आणि त्या स्ट्रिंगमधले आकडे कुठल्याही लिपीतले असले तरी चालतात, फक्त युनिकोडमध्ये त्यांचा वर्ग 'डेसिमल डिजिट' हवा. '१९३१' असं आपल्या आकड्यांत लिहून दिलं तर पायथन ते निमूट समजून घेतो. गुजराती आकडे चालतात. इतकंच काय, मोडीतले आकडेही चालतात. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० या आवृत्तीत आली आणि पायथन ३.५ पासून तिचे आकडे इंटला कळू लागले. गायकवाडी दप्तरातल्या मोडी कागदांवर वर्षानुवर्षं बसलेली माणसं या गावात आहेत. त्यांच्यातल्या एका आजोबांना मी हे करून दाखवलं, स्क्रीनवर मोडीतली रक्कम आणि खाली तिची बेरीज. ते चष्मा काढून परत लावून बघत राहिले. मग म्हणाले, "रुपये-आणे-पै पण शिकव त्याला."

आकड्यांसाठी तीन मेथड आहेत आणि तिन्हींत सूक्ष्म भेद आहे. इजडेसिमल फक्त दहाच्या पटीत संख्या मांडता येणाऱ्या आकड्यांना हो म्हणते. इजडिजिट त्यापुढे जाऊन घातांकात लिहिला जाणारा छोटा दोनही घेते. इजन्यूमेरिकला 'पाव', 'अर्धा' यांची एका चिन्हात लिहिलेली रूपंही चालतात. घातांकातला दोन इजडिजिटच्या मते आकडा आहे, पण तो इंटला दिला तर एरर येते. हा भेद समजावताना पानावर खरोष्ठीचं नाव आलेलं आहे. शाहबाजगढी आणि मानसेहरा इथले अशोकाचे शिलालेख ज्या लिपीत आहेत ती खरोष्ठी. तिच्यात शून्य नाही, एक ते चारच्या खुणा आहेत, दहा, वीस, शंभर, हजार यांच्या वेगळ्या खुणा आहेत, आणि त्या जोडत जाऊन संख्या होते. म्हणून तिचा 'एक' हा आकडा खरा, पण दहाच्या पटीत मांडायचा आकडा नव्हे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची लिपी एका प्रोग्रामिंग भाषेच्या पानावर, आणि तीही शोभेसाठी नाही, नेमकेपणासाठी. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता. जिथे खरोष्ठीला जागा मिळते तिथे काना मागायला काही हरकत नसावी.

दुरुस्ती प्रत्यक्षात कशी जाते, तेही सांगते, कारण पुष्कळ जणांना वाटतं की त्यासाठी कुणी मोठं असावं लागतं. हे पान म्हणजे स्टडटाइप्स नावाची एक साधी टेक्स्ट फाइल आहे. भाषेच्या कोडसोबत त्याच भांडारात ती राहते. पूर्वी हे सगळं लाटेक या छपाईच्या मजकूर-पद्धतीत होतं. २००७ मध्ये ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या खुणांच्या पद्धतीत आणलं गेलं, आणि त्याची पानं बनवायला गेओर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स हे साधन लिहिलं. पुढे जगभरच्या कितीतरी सॉफ्टवेअरची पुस्तकं त्याच साधनावर निघू लागली. भांडार २०१७ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या सामायिक साइटवर आलं, तक्रारींची वही २०२२ मध्ये. फाइलमध्ये बदल करायचा, आपल्या मशिनवर पान बांधून बघायचं, उदाहरणं खरोखर चालतात का ते तपासायचं, पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती, पाठवायची. मग रिव्ह्यू. तिथे एकेका शब्दावर बोलणं होतं. 'हे कुठल्या आवृत्तीपासून?' 'हे फक्त सीपायथनमध्ये की सगळीकडे?' 'हेच वरच्या परिच्छेदात आलेलं नाही का?' तपासणारी माणसं बहुधा नोकरी सांभाळून हे करत असतात, आणि तरी स्वल्पविरामापर्यंत वाचतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे.

बडोद्यात राहणाऱ्याला या रीतीचं नवल वाटू नये. इथल्या प्राच्यविद्या मंदिरातून १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती निघाली, सातही कांडं. देशभरातून, वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या गोळा करून, एकेक श्लोक ताडून, वर स्वीकारलेला पाठ आणि खाली कुठल्या पोथीत काय वेगळं आहे त्याची नोंद. ते खंड मी हाताळलेले आहेत. पानाचा खालचा भाग बारीक टाइपात गच्च भरलेला. जो पाठ घेतला नाही त्याचीही नोंद ठेवायची, म्हणजे पुढच्याला आपल्या निर्णयाशी भांडता यावं. आमच्या फाइलमध्ये 'अमुक आवृत्तीत बदललं' अशा खुणा असतात, त्या मला त्या तळटिपांच्या जातकुळीतल्या वाटतात. वाचणाऱ्याला नुसतं आजचं उत्तर देऊन भागत नाही. त्याच्या मशिनवर जुनी आवृत्ती असेल तर तिथे काय होईल, हेही त्याला कळायला हवं.

काय लिहायचं नाही हे ठरवणं मला जास्त कठीण जातं. सेंटर नावाची मेथड स्ट्रिंग मध्यभागी बसवते, दोन्ही बाजूंना जागा सोडून. ती लांबी मोजते चिन्हांवरून. 'श्री' दिसायला एक अक्षर, पण त्यात श, हलन्त, र आणि वेलांटी अशी चार चिन्हं. त्यामुळे मराठी नावांचं कोष्टक छापलं की रकाने वाकडेतिकडे होतात, आणि लोक मला विचारतात की हे पण लिहून घाल ना. मी नाही घालत. स्ट्रिंग म्हणजे युनिकोड कोड पॉइंट्सची, म्हणजे युनिकोडमधल्या एकेका क्रमांकाची, रांग, हे स्ट्रिंगच्या विभागात अगदी सुरुवातीला स्वच्छ लिहिलेलं आहे. तेच प्रत्येक मेथडखाली सावधानतेचा इशारा म्हणून पुन्हा लिहिलं, तर पान इशाऱ्यांनी भरून जाईल आणि कुणी एकही वाचणार नाही. पायथनच्या लेखन-मार्गदर्शिकेतही हेच धोरण आहे, जास्त लिहिलं म्हणजे चांगलं लिहिलं असं नाही. इजअल्फाची गोष्ट निराळी. तिचा पसरलेला वापरच नावं तपासण्याचा आहे, आणि तिथे चुकतो तो रकाना नसतो, माणूस नाकारला जातो. म्हणून तिथे मी हट्ट धरते.

सध्या माझा मसुदा असा आहे. व्याख्येच्या वाक्यांना हात लावायचा नाही, ती बरोबर आहेत. त्यांच्याखाली दोनच उदाहरणं, 'घर' आणि त्याचं उत्तर खरं, 'दार' आणि त्याचं उत्तर खोटं. रिव्ह्यू करणाऱ्यांपैकी एकाने विचारलंय की देवनागरी न येणाऱ्याला या दोन शब्दांतला फरक डोळ्यांना दिसेल का. प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या उदाहरणाशेजारी मी आता कान्याचा युनिकोड क्रमांक आणि त्याचा मार्क हा वर्ग लिहून पाहिला आहे, पण त्याने ती ओळ फार लांबते आणि मोबाइलवर तुटते. क्रमांक वरच्या वाक्यात न्यावा आणि उदाहरण मोकळं ठेवावं, असं वाटतंय. पान बांधायला लावलं आहे, दिसतं कसं ते बघून पाठवते.